सुनेच्या झाडाचा श्रावण

वासुदेवरावांच्या हातून आजवर एकही झाड मेलं नव्हतं! असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि सिंदी रेल्वे या गावात त्यांच्याशी वाद घालायच्या फंदात कोणी पडत नसे. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं कृषी केंद्र. बियाणं, खत, फवारणीचं औषध सगळं तिथे मिळे, आणि सोबत सल्ला फुकट, नको असला तरी. एखादा शेतकरी कपाशीचं लाल पडलेलं पान खिशातून काढून काउंटरवर ठेवी. वासुदेवराव चष्मा कपाळावर चढवत, पान उजेडात धरत आणि डॉक्टरने एक्स-रे पाहावा तसे हुंकारत.

"काईच घाबरू नको. पोटात अन्न नाई याच्या. डोस दे!"

पान लाल असो, पिवळं असो की वाळलेलं असो, निदान हेच आणि इलाजही हाच. गिऱ्हाईक खताची बॅग उचलून जाई आणि वासुदेवराव पुढच्या पानाकडे वळत.

आता अशा माणसाला व्याह्यांच्या घरी, भर साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, पंगतीत, तोंड आवरायला कोण सांगणार? मुलाचं, रजतचं, साक्षगंध कारंज्याला होतं, कारंजा घाडग्याला. रजत बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला. पोरगा गुणी, पण लग्न जमता जमत नव्हतं. किती घरचे पोहे खाऊन झाले! सगळीकडून "कळवतो" म्हणत आणि कोणी कळवत नसे. शेवटी वर्षालीने होकार दिला. कारंज्याच्या कॉलेजात ती पोरांना जीवशास्त्र शिकवत असे, आणि घरी तऱ्हेतऱ्हेची झाडं पाळत असे. झाडांचं नाव निघालं आणि वासुदेवरावांच्या अंगात आलं.

"आमच्या घरी वाळलेलं लाकूड आणून द्या, पालवी फोडून देतो!" त्यांनी पंगतीत आवाज चढवून सांगितलं.

वर्षालीचे वडील नत्थूजी किराणा दुकानदार. दुकानदार माणूस समोरच्याचा शब्द खाली पडू देत नाही. वर्षालीला पुण्याला प्रशिक्षणासाठी जावं लागलं, तेव्हा ते मांडीवर एक छोटी कुंडी घेऊन सिंदीत हजर झाले. कुंडीत वीतभर झाड. पानांच्या टोकाला उघडे जबडे, जबड्यांच्या कडेने दात, आतून लालभडक रंग! उघड्या जबड्यावर एक माशी बसली आणि जबडा खाडकन मिटला. वासुदेवराव एक पाऊल मागे सरकले.

"हे माशीखाऊ झाड," नत्थूजी म्हणाले. "तिचा जीव हाये याच्यात. माझ्या हाती द्याले तयार नाई पोट्टी! तुमच्यावर इस्वास ठेवला तिनं. वासुदेवराव, पोरगी तुळशीच्या लग्नानंतर येईन तुमच्या घरी. आता तिचं झाड घ्या. हे सांभाळलं म्हणजे पोरगी सांभाळाल, एवढं मले समजून जाईन."

असं म्हणून ते हसले. पण व्याह्याच्या हसण्यावर कोणी किती भरवसा ठेवावा! वासुदेवरावांनी कुंडी दोन्ही हातांनी घेतली.

संध्याकाळी वर्षालीचा फोन आला. "काका, फक्त पावसाचं पाणी, अन् थे बी खालच्या ताटलीत. बोअरचं नाई. ऊन भरपूर लागते त्याले. अन् कुंडी लहान पडली असं तुमाले वाटंन, पण बदलू नका. वाढीचे दिवस हाएत त्याचे, मुळाले धक्का नाई चालत. थंडी सरता सरता मी बदलीन."

"अवं बाई, झाडाचं तू मले सांगून राह्यली!" वासुदेवराव खो खो हसले आणि फोन ठेवला. मग रजतकडे वळून म्हणाले, "वाढीच्या दिवसातच तं डोस द्या लागते. कपाशीले आपण काय थंडीत युरिया देतो?"

"बाबा, तिनं हात लाऊ नका म्हटलं," रजत म्हणाला.

"मी कुठं हात लाऊन राह्यलो? बोलून राह्यलो फक्त."

आणि खरोखरच त्यांनी हात लावला नाही. श्रावण लागेपर्यंत.

वासुदेवरावांच्या बायकोचं, मोहिनीबाईंचं, श्रावणाचं प्रकरण फार कडक होतं. मटण-अंडी तर सोडाच, पण त्या महिन्यात घरात कोणी "कोंबडा आरवला" असं म्हटलं तरी त्या डोळे वटारत. वासुदेवराव एरवी खाण्यात कुठेही मागे हटणारे नव्हते, पण या महिन्यात तेही गोगलगाय होत. मोहिनीबाईंना झाड काय खातं ते कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मते ते शोभेचं होतं. ऊन येतं म्हणून त्यांनीच कुंडी देवघराच्या खिडकीत ठेवली होती.

पहिला श्रावण सोमवार. मोहिनीबाईंनी देवापुढे नैवेद्याची वाटी ठेवली, डोळे मिटले, हात जोडले. एक माशी वाटीवर बसली, तिथून उडाली आणि खिडकीत गेली. खाडकन आवाज झाला.

"अवोऽऽ!" मोहिनीबाई अशा ओरडल्या की वासुदेवरावांच्या हातातला वस्तरा साबणात पडला. "यानं जीव खाल्ला! देवासमोर! सोमवारी!"

वासुदेवराव आणि रजत धावत आले. जबड्याच्या दातांमधून माशीचा एक पाय बाहेर हलत होता.

"आई, थे मांसाहारीच झाड हाये," रजत पुटपुटला.

"अन् तू मले आज सांगून राह्यला? म्या देवाजवळ ठेवलं त्याले! रोज हळदकुंकू लावलं कुंडीले! उचला अन् बाहेर ठेवा!"

बाहेर? अंगणात वानरांचा तांडा रोज येऊन पेरूची फांदीन्‌फांदी चाचपून जात असे. आणि वानरं नसती तरी सुनेचं झाड उंबऱ्याबाहेर, हे गावाने पाहिलं तर? तीच बातमी कारंज्याला पोचली तर? नत्थूजींना परत करावं, तर ते म्हणतील, एक कुंडी सांभाळता आली नाही आणि पोरगी मागता! बाहेर ठेवता येईना, आत ठेवता येईना, परत देता येईना!

"श्रावण सरंलवरी त्यानं माशी खाल्ली नाई पायजे," मोहिनीबाईंनी निकाल दिला. "कसं करता ते तुमी जाणा. मोठे झाडाचे डॉक्टर हा न!"

वासुदेवराव खुर्चीत बसले. "हे झाड किडे काऊन खाते? पाह्य बरं मोबाइलमंधी."

रजतने मोबाइल पाहिला. "ज्या जमिनीत काईच कस नसते, तिथं उगवते म्हणे. मातीतून भेटत नाई म्हणून किडे खाऊन भागवते."

वासुदेवराव ताडकन उठले! डोळे चमकले, मिशा थरथरल्या.

"बस! सापडलं! अबे, थे मांसाहारी नाई, भुकेलं हाये! गरिबीपाई माशा खाऊन राह्यलं बिचारं! जलमात कधी चांगली माती नाई पाह्यली त्यानं. आपल्या काळ्या मातीत बसवतो, पोटभर डोस देतो, मंग कायले माशीकडं पायते?"

"बाबा, वर्षाली म्हणालती की..."

"वर्षाली पुस्तकातलं सांगते. मी शेतातलं सांगून राह्यलो. या झाडाले शाकाहारी करून नाई दाखवलं, तं दुकानाले कुलूप लावीन!"

हे वाक्य त्यांनी घरात म्हटलं असतं तर गोष्ट घरातच राहिली असती. पण उत्साहाच्या भरात ते ओट्यावर येऊन म्हणाले, आणि समोरच्या ओट्यावर डोमाजी टाळ पुसत बसले होते. डोमाजी भजनी मंडळाचे प्रमुख. कित्येकांचं मटण सोडवून त्यांनी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. त्यातल्या काहींनी ती आखाड येताच खुंटीला टांगली, पण डोमाजी हिंमत हरले नव्हते.

"झाड? शाकाहारी?" डोमाजींनी टाळ खाली ठेवले. "भाऊ, मी येतो पाहाले."

दुपारी अंगणात समारंभ मांडला गेला. नवी मोठी कुंडी. तीत शेतातली काळी माती, वर शेणखत, वर गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि कडेकडेने दहा-सव्वीस-सव्वीस या रासायनिक खताचे दाणे, मोहिनीबाई रांगोळी घालतात तितक्या निगुतीने. वासुदेवरावांनी झाड जुन्या कुंडीतून उपटलं. मुळांना चिकटलेलं शेवाळ आणि वाळू त्यांनी नळाखाली खसाखसा धुवून काढली.

"पाह्य, काय खाऊन जगून राह्यलतं! शेवाळ अन् वाळू! असं कोनाले ठेवते काय?" त्यांना खरोखरच गहिवरून आलं. त्यांनी झाड मातीत बसवलं, अंगठ्याने चांगलं दाबलं आणि वरून बोअरचं तांब्याभर पाणी घातलं. डोमाजींनी "पुंडलिक वरदे" म्हटलं.

दोन दिवस झाड गप्प होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मोहिनीबाईंनी सगळ्यांना हाक मारली. त्यांचा आवाज दबका होता, देवळात बोलतात तसा.

"इकडं या. हळू या. पाहा."

एक गलेलठ्ठ माशी उघड्या जबड्यात बसली होती! मजेत पाय चोळत होती. या कडेवरून त्या कडेवर फिरत होती. जबडा मिटला नाही. माशी दुसऱ्या जबड्यात गेली. तोही मिटला नाही! आणि माशी आपल्या पायांनी गेली, पंखांनी उडाली, जिवंत!

"सोडलं!" वासुदेवराव ओरडले. "सोडलं त्यानं! मोहिनी, पाह्यलं काय? समोर ताट वाढून आलं अन् त्यानं तोंड नाई लावलं!"

मोहिनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कुंडीला पुन्हा हळदकुंकू वाहिलं. रजत जबड्याकडे वाकून पाहत राहिला. "बाबा, मले वाटते त्याची तब्येत बरी नाई," तो म्हणाला. पण आनंदाच्या घरात असली वाक्यं कोणी ऐकत नाही.

डोमाजी धावत आले, त्यांच्यामागे भजनी मंडळ आलं, मंडळामागे गल्ली आली. सगळ्यांनी माशीची वाट पाहिली. माशी आली, बसली, गेली. टाळ्या! "इतके वर्सं झाले, माणसायचं सोडवता सोडवता दमलो," डोमाजी सद्गदित होऊन म्हणाले, "अन् झाडानं तीन दिवसांत सोडलं!" त्यांनी स्वतःजवळची तुळशीची माळ काढली आणि कुंडीच्या गळ्यात घातली. टाळ वाजले. कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सिंदीतल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला, रात्री आंजीला आणि सकाळी सेलूला. "सिंदीच्या मांसाहारी झाडाने मांस सोडले!" त्याच्याखाली वासुदेवरावांचा फोटो, चष्मा कपाळावर.

दुकानात गर्दी मावेना! जो तो म्हणे, झाडाला दिला तोच डोस आम्हाला द्या. आंजीहून आलेली एक बाई तर नवऱ्यासाठी मागू लागली, त्याचंही सुटत नव्हतं म्हणे. घरी बायका दर्शनाला येऊ लागल्या. रिकाम्या हाताने कोण येणार? कोणी दूध शिंपडलं, कोणी साखर ठेवली. मोहिनीबाईंना वाटलं, बिचाऱ्याने माशी सोडली, मग पोटाला काय? त्यांनी चिमूटभर वरण-भात कालवून एकेका जबड्यात घास भरवला, वरून तुपाचा थेंब. सुनेचं झाड होतं, आग्रह तर करायलाच हवा. जबडे मुकाट उघडे राहिले.

आणि मग झाड काळं पडू लागलं.

आधी एक जबडा. "जुनं पान हाये, गळते," वासुदेवराव म्हणाले. दुसऱ्या दिवशी अर्धी पानं. "नवी फुटायच्या आधी असंच होते." त्यानंतरच्या सकाळी कुंडीत हिरवं असं काही उरलंच नाही. कुजलेल्या वरण-भाताचा वास मात्र सुटला होता, आणि साऱ्या गल्लीतल्या माशा येऊन कुंडीवर बसल्या होत्या! ज्याने त्यांना खायचं, त्याच्यावर त्या जेवत होत्या.

वासुदेवरावांनी एक काळं पान खुडलं. आयुष्यभर लोकांची पानं उजेडात धरून पाहिली, आता हे पान घेऊन कोणाकडे जावं? सिंदीत विचारावं तर अब्रू जाणार. वर्षालीला विचारावं तर सोयरीक जाणार. रजत तिच्याशी फोनवर बोलताना कसा हसतो, हे त्यांनी दाराआडून ऐकलं होतं. घरात तसं हसणं फार वर्षांनी ऐकू आलं होतं.

शेवटी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि शेतकरी सल्ल्याच्या एका नंबरवर फोन लावला. आवाज बदलून, नाक दाबून.

"साहेब, मी आंजीहून बोलून राह्यलो. गरीब शेतकरी हावो. माशीखाऊ झाडाले खत दिलं, तं काळं पडलं. काय करू?"

"माशीखाऊ झाड?" पलीकडचा साहेब उत्साहाने म्हणाला. "अहो, मग आम्हाला काय विचारता! तुमच्या शेजारीच सिंदीला वासुदेवराव आहेत ना, कृषी केंद्रवाले! त्यांच्याइतकं या झाडातलं कोणालाच कळत नाही. व्हिडिओ नाही पाहिला का? त्यांचा नंबर देतो, घ्या लिहून!"

वासुदेवरावांनी स्वतःचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकून घेतला आणि "उपकार झाले" म्हणून फोन ठेवला.

तेवढ्यात रजत आला. चेहरा झाडासारखाच काळवंडलेला. "बाबा, वर्षालीनं व्हिडिओ पाह्यला. प्रशिक्षण सोडून निघाली थे. उद्या सकाळी नत्थूकाकाले घेऊन येते."

"काई म्हणाली काय?"

"काईच नाई म्हणाली. थेच तं!"

रात्रभर वासुदेवरावांच्या डोक्यात एकेक बेत उगवला आणि मेला. कुंडी वानरांनी पळवली म्हणावं? चोरी झाली म्हणावं? झाडाने समाधी घेतली म्हणावं? शेवटचा बेत डोमाजींना पटलाही असता. मोहिनीबाई मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तिनं जीव म्हणून देलं, अन् आपण नासवलं."

सोमवार उजाडला. वर्षाली आणि नत्थूजी गाडीतून उतरले, आणि त्यांच्या पाठोपाठ टाळ-मृदंग घेऊन भजनी मंडळही अंगणात शिरलं. सोयरे आलेत म्हटल्यावर स्वागत नको? डोमाजींनी हात उंच करून घोषणा केली, "बाई, धन्य तुमचं झाड! माळ घातली त्यानं!"

वर्षाली गर्दीतून पुढे आली. खांद्याला पिशवी, डोळे प्रवासाने लाल. ती सरळ दर्शनासाठी ओट्यावर मांडलेल्या कुंडीपाशी जाऊन बसली. तिने माळ अलगद काढली, कपाळाला लावली आणि डोमाजींच्या हातात दिली.

"काका, त्यानं खाणं सोडलं नाई," ती म्हणाली. "त्याच्यानं खाल्ल्याच नाई गेलं."

टाळ थांबले. डोमाजींनी माळेकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि ते हळूच मृदंगवाल्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

"कुंडी कोणं बदलली?" वर्षालीने विचारलं.

अंगणात सगळे होते. डोस घेऊन गेलेली गिऱ्हाइकं होती, भजनी मंडळ होतं, व्याही होते. वासुदेवरावांच्या जिभेवर वानरं आली, चोर आले, समाधी आली. मग त्यांना रजत दिसला. पोरगा भिंतीला टेकून उभा होता, निकाल लागायच्या आधी शाळेत उभा राहायचा तसा. वासुदेवराव पुढे आले.

"म्या बदलली. तू नको म्हणालती, तरी बदलली. खत बी म्याच घातलं. म्या मारलं त्याले, माझ्या या हातानं!" ते व्याह्यांकडे वळले. "नत्थूजी, तुमी म्हणालते, झाड सांभाळलं म्हणजे पोरगी सांभाळाल. झाड तं आमच्यानं सांभाळल्या गेलं नाई. पण याच्यात पोराची काईच चुकी नाई. त्यानं शेवटवरी मले मना केलं."

वर्षालीने बाह्या वर केल्या. "बालटी आणा. पावसाचं पाणी भरून."

रजत उडी मारूनच गेला. वर्षालीने ते झाड मातीच्या गोळ्यासकट उचललं, पाण्यात बुडवलं आणि बोटांनी एकेक कण सोडवू लागली. काळी माती सुटली, खताचे दाणे सुटले, भाताची शितं वर आली. शितं पाहून तिने एकदा वर बघितलं, आणि मोहिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळं धुतल्यावर तिच्या तळहातावर लसणाच्या पाकळीएवढा एक पांढरा कंद उरला. तिने तो चिमटीत दाबून पाहिला.

"टणक हाये. जित्ता हाये!"

"जित्ता हाये!" डोमाजी मृदंगाच्या मागून ओरडले.

वर्षालीने पिशवीतून शेवाळ आणि वाळू काढली, झाडाच्या जुन्याच कुंडीत भरली आणि कंद त्यात बसवला. "काका," ती वासुदेवरावांना म्हणाली, "वाढीच्या दिवसात कुंडी बदलायचीच झाली, तं बदलता येते. पण माती त्याची त्याले लागते. आपल्याले आवडते थे नाई."

मग ती उठली, हात पुसले, आणि मोहिनीबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"काकू, एक आजच सांगून टाकते. मी अंडे खाते. मटण बी खाते. श्रावणातही. आवडते मले. तं मंग इथं आल्यावर माझी बी माती बदलसान काय?"

अंगणात माशा ऐकू येऊ लागल्या. रजतने डोळे मिटले. मोहिनीबाईंनी पोरीकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, आणि त्या वळून घरात निघून गेल्या. पडदा हलला, थांबला. संपलं! सोयरीक गेली! नत्थूजी पायांनी आपल्या चपला चाचपू लागले. "चल बाई," ते हलकेच म्हणाले.

आतून एक जोरदार फटका ऐकू आला. मग आणखी एक.

मोहिनीबाई बाहेर आल्या. एका हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात स्टीलची वाटी. वाटीत एक गलेलठ्ठ माशी, मेलेली. त्यांनी ती वाटी वर्षालीपुढे धरली.

"घे. भरव त्याले. इतके दिवस उपाशी हाये लेकरू."

वर्षाली बघतच राहिली. "काकू... आज सोमवार हाये!"

"श्रावण म्या धरला. त्यानं कुठं धरला? तुवा तरी कुठं धरला?"

वर्षाली हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने सगळ्यांसमोर मोहिनीबाईंना मिठी मारली. मोहिनीबाईंनी वाटी वरच्यावर सांभाळली.

"पण काकू, त्याले आता तोंडच नाई. नवी पानं फुटली का मंग."

"मंग झाकून ठेवतो," मोहिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वाटीवर ताटली ठेवली.

टाळ कडाडले! डोमाजींनी कोणासाठी ते न विचारता भजन सुरू केलं. नत्थूजींनी चपला पुन्हा काढून ठेवल्या, तुळशीच्या लग्नानंतर कोणता मुहूर्त चांगला ते वासुदेवरावांना विचारलं, आणि रजत बालटीतलं पाणी सांडत सांडत कुठेच न जाता दोनदा अंगणभर फिरला.

दुपारी मोहिनीबाईंनी पाहुण्यांसाठी मुद्दाम जेवण रांधलं. उपासवाल्यांची भगर वेगळी. वासुदेवराव पाटावर बसले. मन हलकं झालं होतं, भूक खवळली होती, आणि घराची हवा बदलली आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"म्हणजे आता ज्याचं त्याले... ज्याच्या त्याच्या परीनं... नाई, मी काय म्हणून राह्यलो, उद्या मंगळवार, तं माझ्यापुरते दोन अंडे..."

मोहिनीबाईंनी भगरीचा मोठा डाव त्यांच्या ताटात रिता केला.

"तुमी पन्नास वर्सं झाले काळ्या मातीत हा. मुकाट्यानं खा."

वासुदेवरावांनी ताट जवळ ओढलं. श्रावण संपायला अजून बरेच दिवस होते, आणि घरात सामिष म्हणून जे काही होतं, ते त्या झाकलेल्या वाटीत होतं. तेही सुनेच्या झाडासाठी राखून ठेवलेलं!